विचारा, ऐका, मग निवडा

प्रवेशाचे दिवस आले, की पेडण्यातल्या कोरगावातून काही मुलं विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाकडे वळतात. हाती बारावीची गुणपत्रिका. समोर अर्ज. मुख्य विषय कोणता? जोडविषय कोणता? नव्या शैक्षणिक धोरणानं निवडीला वाव वाढवला. पण कितीतरी जण शेजारच्या मित्राचा अर्ज बघून आपला भरतात.

मित्र आपला असतो. त्याची आवड मात्र त्याची असते. म्हणून विचारा, ऐका, मग निवडा.

जो विषय घ्यावासा वाटतो, तो शिकलेल्या ताईला विचारा, दादाला विचारा. कोणते सर गुण सढळ देतात, हे नका विचारू. कोणाच्या तासाला प्रश्न विचारावासा वाटतो, ते विचारा. सोपा विषय परीक्षेपुरता सोबत करतो. चांगल्या शिक्षकानं लावलेली गोडी जन्मभर पुरते.

विर्नोड्याच्या या महाविद्यालयाला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचं नाव आहे. बांद्याचं कुळकर्णीपण सोडून त्यांनी नाथपंथाची वाट धरली. सोयीचं सोडलं, मनाचं निवडलं आणि ते निभावलंही. निवडीची खरी किंमत निभावण्यात असते.

आईबाबांनो, सल्ला जरूर द्या. निर्णय मुलांना घेऊ द्या. आणि मुलांनो, घाई करू नका. विचारा, ऐका, मग निवडा. एकदा निवडलंत, की मन लावून शिका.