निवड यादीतून तुझं नाव मी काढलंय

‘सर, ऑपरेशन करून टाकतो आणि तीन महिन्यांत मॅटवर उतरतो,’ असं काल तू सगळ्या संघासमोर छाती फुगवून म्हणालास. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यादेखत तुझा पाणउतारा करायचा नव्हता म्हणून मी गप्प बसलो. आज ऐकून घे, आणि मध्ये बोलू नकोस.

चढाईत पाय रोवून तू झटक्यात वळलास. कुणी हातही लावला नव्हता. गुडघ्यात कट्‌ असा आवाज झाला आणि तासा-दोन तासांत गुडघा टम्म फुगला. इतक्या लवकर चढलेली सूज म्हणजे बहुतेक वेळा आतला रक्तस्राव, हे मी तुम्हाला किती वेळा बजावलंय? बर्फ लाव, पायावर भार टाकू नकोस, अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. तू हाडवैद्याकडे जाऊन गुडघा रगडून घेतलास! मग एक्स-रे काढलास, हाड शाबूत दिसलं आणि ‘काही झालेलं नाही’ असं घरी सांगून मोकळा झालास. अरे, एक्स-रेत हाड दिसतं, हाडांना बांधणारं लिगामेंट दिसत नाही, आणि तुझं तेच तुटलं होतं. जाणत्या डॉक्टरने गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढून पाहिली असती, तर त्याच्या हाताला कळलं असतं. बाकीचं एमआरआयने सांगितलं असतं.

सूज उतरली, सरळ धावता येऊ लागलं, आणि तुला वाटलं आपण बरे झालो. सरळ धावायला त्या लिगामेंटचा फारसा कस लागतच नाही. नडगीला पुढे घसरू न देणं आणि वळताना, थांबताना, उडीवरून उतरताना गुडघा जागेवर धरणं, हे त्याचं काम. कबड्डीत दुसरं असतं काय? गुडघा दोनदा निसटला, तरी तू लपवलंस आणि खेळत राहिलास. असा निसटता गुडघा दरवेळी आतल्या मेनिस्कसला, म्हणजे हाडांमधल्या गादीला, आणि कूर्चेला इजा करू शकतो. आज तुझ्या रिपोर्टात मेनिस्कसही फाटलेला आहे. लिगामेंट तुटलं त्यात तुझा दोष नाही. त्यानंतर जे केलंस तो सगळा दोष तुझा.

आता उपचारांबद्दल. परवा म्हणत होतास, ‘स्वीडनमध्ये सिद्ध झालंय, ऑपरेशन लागत नाही.’ काल म्हणालास, ‘लगेच ऑपरेशन.’ दोन्ही वेळा अर्धवट वाचलंस. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 121 तरुण होते. निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया केली, उरलेल्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच नंतर शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या तक्रारींत म्हणावा असा फरक नव्हता. व्यायामाच्या गटातल्या जवळपास निम्म्यांना 5 वर्षांनंतरही शस्त्रक्रिया लागली नाही. पण उरलेल्या निम्म्यांना लागली, हे तू गाळलंस. व्यावसायिक खेळाडू त्यात घेतलेच नव्हते, हेही गाळलंस. आणि दोन्ही गटांनी महिनोन्‌महिने नेमाने व्यायाम केला होता, हे तर तुला दिसलंच नाही!

ज्याचा गुडघा निसटत नाही, ज्याला पोहायचं, सायकल चालवायची, शेतात काम करायचंय, त्याने आधी व्यायामाची वाट धरावी. ती दुय्यम वाट नाही. तुझा गुडघा निसटतो, मेनिस्कस फाटलाय आणि तुला चढाया करायच्या आहेत. म्हणून डॉक्टरांनी तुला शस्त्रक्रिया सुचवली. पण सूज पूर्ण उतरल्यावर, गुडघा पूर्ण सरळ होऊ लागल्यावर आणि मांडीत ताकद आल्यावर. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाई केली तर तो कायमचा ताठर राहू शकतो. ही तयारी तुला कंटाळवाणी वाटते. वाटू दे.

दुर्बिणीतून लिगामेंट नवं घालतात म्हणजे काय करतात, विचारलंस कधी? तुझ्याच मांडीमागचा किंवा वाटीखालचा स्नायुबंध काढून हाडांत भोकं पाडून तिथे बसवतात. लावणीनंतर भाताचं रोप आधी मलूल पडतं आणि मग मूळ धरतं. हा स्नायुबंधही तसाच आधी कमकुवत होतो, मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि महिन्यांनी तो लिगामेंटचं रूप घेतो. तिसऱ्या महिन्यात दुखत नसतं, चालणं झकास असतं, आणि आतला बंध मात्र अजून कच्चा असतो. तू नेमका तेव्हा मॅटवर उतरणार होतास!

नॉर्वेत खेळाडूंवर झालेला अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितकं पुन्हा इजा होण्याचं प्रमाण दर महिन्यामागे साधारण निम्म्याने घटत गेलं. आणि नऊ महिने भरले म्हणून पुरत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के हवी, एका पायावरच्या उड्यांच्या चाचण्या पार पडायला हव्यात.

कुस्तीगीर विनेश फोगाटचं नाव माझ्या तोंडावर फेकू नकोस. ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यापायी तिने आशियाई स्पर्धा सोडली. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिम्पिकला ती खेळली, एवढंच तुझ्या लक्षात राहिलं. सोडलेली स्पर्धा विसरलास.

तू एकोणीस वर्षांचा आहेस. तुटलेल्या लिगामेंटच्या गुडघ्याला, शस्त्रक्रिया करा वा न करा, पुढे संधिवाताचा धोका जास्त असतोच. तो वाढवायचा की आटोक्यात ठेवायचा, एवढंच तुझ्या हातात आहे. एका चषकासाठी चाळिशीत जिना चढताना कठडा धरणार असशील, तर तो चषक मला नको. माझ्या संघाच्या कपाटात तो ठेवायला जागा नाही.

निवड चाचणीच्या यादीतून तुझं नाव मी काढलंय. उद्या वडिलांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गुडघा दोनदा निसटला हे वडिलांनाही तिथे खरं सांग. फिजिओने दिलेला प्रत्येक व्यायाम वहीत लिही. ती वही दर शनिवारी मला दाखवायची. फिजिओ आणि डॉक्टर दोघांनी लेखी दिलं की तुझं नाव मी स्वतःच्या हाताने यादीत घालेन. तोवर मॅटवर पाय ठेवलास, तर गाठ माझ्याशी आहे.