उजेड कुणाचा?

सहावीच्या मुलांना 'हमारा पड़ोसी' या विषयावर निबंध लिहायला दिला होता. तास संपताना एका मुलाने विचारले, "सर, पड़ोसवाली आंटी के यहाँ दिये लगाने में हाथ बटाया तो गुनाह होता क्या?" मी म्हणालो, "घर जाके अब्बू से पूछो." उत्तर शहाणपणाचे वाटले. पण ती पळवाट होती, हे सायकल घरी लावेपर्यंत माझ्या लक्षात आले.

आमच्या देवळाली कॅम्पात हा प्रश्न साधा नाही. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या अनेक कुटुंबांना इथल्या निर्वासित छावणीत आसरा मिळाला. त्यांना घरदार सोडायला लावणाऱ्यांत माझ्या धर्माचे नाव घेणारे होते, हे विसरून चालणार नाही. परक्या मुलखातल्या पहिल्या दिवाळीला त्यांनी मातीची हटडी पुजली असेल, तेव्हा मनात काय आले असेल? आज त्यांच्याच दुकानातून आम्ही ईदचे कापड घेतो.

घर सुटलेल्या माणसाला सण चार भिंतींत पुरत नाही. तो रस्त्यावर आला की 'आम्हीही इथलेच' असे त्याला म्हणता येते. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकलले. तेव्हा इंग्लंडमधल्या लेस्टरच्या नगरपालिकेने 'आमच्याकडे येऊ नका' अशी जाहिरात युगांडाच्या वर्तमानपत्रात दिली होती. तरीही माणसे आली. पुढे त्याच शहराच्या बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीचे दिवे लागले आणि ते पाहायला हजारो लोक जमू लागले. मात्र २०२२ च्या सप्टेंबरात त्याच शहरात हिंदू आणि मुस्लिम तरुण एकमेकांसमोर उभे ठाकले. नुसत्या रोषणाईने मने उजळत नाहीत.

मला वाटते, खरी कसोटी पाहुण्याची नाही, यजमानाची आहे. थोडे असताना आपण जो हक्क मागतो, तो जास्त असताना दुसऱ्याला देतो का? लेस्टरच्या रस्त्यावर दिवाळी हवी असणाऱ्याने आपल्या गावातल्या ईदच्या नमाजाला जागा द्यायला हवी. आणि इथे ती जागा मागणाऱ्या मलाही सिंधमधल्या थरपारकर-उमरकोटच्या हिंदूंची पणती निर्धास्त तेवावी, असे मनापासून वाटायला हवे. तिथल्या पणतीबद्दल मी गप्प राहिलो, तर इथली माझी मागणी पोकळ ठरते.

राहिला त्या मुलाचा प्रश्न. पूजा ही श्रद्धेची गोष्ट. ती ज्याची त्याने करावी, उसनी करू नये. पण शेजार ही श्रद्धेइतकीच खरी जबाबदारी आहे. म्हाताऱ्या शेजारणीच्या पणतीत तेल घातल्याने माझा ईमान डळमळत असेल, तर दोष तेलाचा नाही. ज्या घरी हे पटत नाही, त्या घरालाही मी कमी लेखणार नाही. दिवा न लावणे म्हणजे द्वेष नव्हे. तिचा दिवा विझावा असे वाटणे हा द्वेष.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला एवढेच सांगितले, "पूजा उनकी है, पड़ोस तुम्हारा है. अब्बू से इजाज़त लो और जाओ."

तो म्हणाला, "अब्बू ने तो कल ही भेजा था, सर. मैं आप से पूछ रहा था."