बायोडाटात नसलेलं इंजेक्शन

पालम नाहीतर जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या घरी पाहुणे मुलगी बघायला येतात. उंची, शिक्षण, मामाचं गाव, सगळं विचारून होतं. दर तीन आठवड्यांनी ही पोरगी परभणीची एसटी कशाला पकडते, हे मात्र कुणी विचारत नाही आणि घरचंही कुणी सांगत नाही.

लहानपणी घसा धरला, ताप आला, पुढे गुडघे-घोटे सुजले आणि त्या आजारानं हृदयाची झडप खराब केली, की बेंझाथीन पेनिसिलिनचं बारा लाख युनिटचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी मागे लागतं. झडपेत दोष राहिला तर चाळिशीपर्यंत, कधी जन्मभर. कमरेत ते इतकं दुखतं की त्या दिवशी नीट बसवत नाही. पण त्यामुळे घशाचा तो संसर्ग पुन्हा उलटत नाही आणि झडप आणखी बिघडायची वाचते.

या इंजेक्शनचा एक परिणाम तोंडात होतो. माणसांच्या तोंडात सुमारे ७०० जातींचे जिवाणू आढळतात. दातांवर, गालाच्या आत राहणारे स्ट्रेप्टोकोकस हे त्यांतले जुने रहिवासी, एरवी निरुपद्रवी. रक्तात पेनिसिलिन सतत थोडं थोडं फिरत राहिलं की त्यांतले नाजूक मरतात, चिवट उरतात. पोरीला यातलं काही जाणवतही नाही. मग कधीतरी दाढ काढायची वेळ येते. दाढ निघताना हे जिवाणू रक्तात शिरतात. ते खराब किंवा कृत्रिम झडपेवर जाऊन बसले तर जिवावर बेतू शकतं. म्हणून, विशेषतः झडप बदललेली असेल तर, आधी औषधाचा एक डोस देतात. नेहमीचा डोस अमॉक्सिसिलिनचा, म्हणजे पेनिसिलिनच्याच भाऊबंदाचा. या पोरीच्या तोंडातले जिवाणू त्याला सरावलेले असू शकतात. तिला वेगळ्या गटातलं औषध द्यावं लागतं. पण दाताच्या डॉक्टरला हे कळणार कसं? सासू शेजारी बसलेली असते, आणि "काही आजार?" या प्रश्नाला "नाही" एवढंच उत्तर येतं.

लपवणाऱ्या आईला खोटारडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. झडपेचं नाव काढलं की स्थळ परत जातं, हे तिला पक्कं ठाऊक असतं. मुलाच्या दारूबद्दल मात्र "लग्न झालं की सुधारतो" म्हणून त्याच बैठकीत मोकळं होता येतं! तरीही आई झाकते त्याची किंमत लेक मोजते. सासरहून इंजेक्शनला जायचं म्हणजे गुपित फुटायचं, म्हणून इंजेक्शनच बंद पडतं. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, अरुंद झडपेला ते झेपत नाही, आणि मग धाप लागलेल्या अवस्थेत, दवाखान्याच्या व्हरांड्यात, दोन्ही घरांसमोर सगळं उघड होतं.

नवऱ्याला लग्नाआधीच सांगावं असं माझं मत. पण ते ठरवण्याचा हक्क तिचा, आई-मामांचा नाही. डॉक्टरला मात्र सांगितलंच पाहिजे. त्यासाठी इंजेक्शनचं कार्ड माहेरच्या कपाटात नको, तिच्या पर्समध्ये हवं. आणि दातांच्या खुर्चीवर सून बसली की डॉक्टरांनी सासूला, नवऱ्यालाही, दोन मिनिटं बाहेरच्या बाकावर बसवावं आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारावा.