तीन अटींचा कॅमेरा

बोरगाव मेघेच्या हौशी छायाचित्रकाराला स्फूर्तीसाठी लांब जायला नको. सेवाग्राम जवळच आहे.

तिथल्या आश्रमात गांधीजींचे चुलत नातू कनू गांधी यांनी त्यांना टिपलं. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांतून रोलीफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींच्या अटी तीन: फ्लॅश नको, पोझ द्यायला सांगायचं नाही, आश्रम पैसे देणार नाही. मग उरला खिडकीतून येईल तेवढा उजेड आणि कानाला टेलिफोन लावलेले, आपल्याच कामात गढलेले बापू.

एवढ्या बंधनांत हौस टिकते कशी? गीतेतल्या अनासक्तीचाच हा प्रश्न. फळाची आस सोडली की लक्ष कामावर येतं, हे म्हणायला सोपं; कनूंची खरी परीक्षा पुढे झाली. १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. त्या क्षणाचा फोटो काढायला कनूंना परवानगी मिळाली नाही. तरी त्यांनी कॅमेरा खाली ठेवला नाही.