वाटणी न होणारे श्रेय

दैव मोठे की प्रयत्न, या जुन्या वादात दोन्ही पक्ष एक गोष्ट धरून चालतात: एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा तेवढाच घटतो. योगवासिष्ठ पौरुषाची बाजू हिरिरीने मांडते, प्रारब्धवादी दुसरे टोक गाठतात. मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. एका इवल्या जिवाचे उदाहरण पाहा. अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात निळ्या खेकड्याची मादी मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात लाखो डिंभ सोडते आणि ओहोटी त्यांना अटलांटिकमध्ये नेते. तिथे काही आठवडे कात टाकत ते वाढतात. वारा आणि प्रवाह जुळले तरच पुन्हा मुखाशी येतात. मेगॅलोपा या डिंभाच्या शेवटच्या अवस्थेतला हा जीव काही मिलिमीटरचा. ओहोटीविरुद्ध पोहून जाणे त्याच्या आवाक्यात नाही. पण वर-खाली होणे आहे. रात्रीच्या भरतीने खारटपणा वाढू लागला की तो तळ सोडतो आणि खळबळत्या पाण्यात पोहत राहतो. भरती मंदावली की खाली उतरतो आणि ओहोटी सरेपर्यंत तळाशी थांबतो, कारण तिथे प्रवाहाचा जोर कमी असतो. आता श्रेय कोणाचे? अंतर जवळजवळ सगळे पाण्यानेच कापले. पण तेच पाणी काही तासांनी माघारीही जाते, आणि नदीची भर पडल्याने आत येते त्याहून जास्तच बाहेर पडते. म्हणजे आतली दिशा या इवल्या हालचालीमुळे मिळाली. दोन्ही कारणे आपापल्या जागी पूर्ण आहेत. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगताना चेष्टा आणि दैव एकाच यादीत येतात, हे मला म्हणूनच अचूक वाटते.

कोणी म्हणेल, खेकड्याच्या डिंभाला इच्छा कुठली? ती तर उपजत प्रतिक्रिया. मान्य, तो स्वतंत्र आहे असा माझा दावाच नाही. दावा एवढाच, की प्रचंड शक्तीच्या पोटातही लहान कृतीने फळ बदलते. जाणीव नसलेल्या जिवाबाबत हे खरे असेल, तर भरती-ओहोटी ओळखू शकणाऱ्या माणसाला ‘माझ्या हातात काय आहे’ म्हणून हात जोडून बसता येणार नाही. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: लाखोंपैकी बहुतेक मरतात, मग प्रयत्नाला किंमत काय? या मरणाऱ्यांचे वर्तन वाचलेल्यांहून कमी प्रतीचे नसते. कोणाला माशाने गिळले, कोणासाठी वारा फिरलाच नाही. प्रयत्न आवश्यक आहे, पुरेसा नाही. म्हणूनच बुडालेल्या माणसाकडे बोट दाखवून ‘याचेच काही कमी पडले असणार’ किंवा ‘पूर्वजन्मीचे पाप’ असे म्हणणारा प्रयत्नवादी आणि कर्मवादी, दोघेही माझ्या मते एकाच निर्दय चुकीचे भागीदार आहेत.