आपला संघ आपण निवडतो का?

माणूस आपला व्यवसाय निवडतो, राहते घर निवडतो, निवडणुकीत आपले मत कोणाला द्यायचे तेही ठरवतो. परंतु ज्या संघाच्या विजयाने त्याचा ऊर भरून येतो आणि ज्याच्या पराभवाने त्याला रात्रीचे जेवण गोड लागत नाही, तो संघ त्याने निवडलेला असतो काय? प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. खेळ तो खेळ, त्यात एवढे तत्त्वज्ञान कशाला, असे कोणी म्हणेल. तथापि ज्या निष्ठा आपण गंभीर मानतो, म्हणजे कुटुंबावरील, गावावरील, देशावरील निष्ठा, त्याही आपल्या ठायी जवळजवळ याच रीतीने येतात. म्हणून लहान निष्ठेचा उगम नीट पाहिला, तर मोठ्या निष्ठांविषयीही काही उमजेल अशी आशा आहे.

उदाहरण आपल्या शेजारचेच घेऊ. २०२५ साली १५ ते २९ जून या काळात अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात ‘रग्बी प्रीमियर लीग’ नावाची नवी स्पर्धा झाली. सात-सात खेळाडूंचे हे रग्बी. सहा संघांना चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरू, कलिंग आणि मुंबई अशी नावे देण्यात आली होती. सामने मात्र सगळे अंधेरीच्या एकाच मैदानावर झाले. मुंबईच्या संघाचे नाव ‘मुंबई ड्रीमर्स’. अजिंक्यपद ‘चेन्नई बुल्स’ने पटकावले. तसे पाहिले तर रग्बी मुंबईला नवे नाही. १८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याच्या हिरवळीवर तो पिढ्यान्पिढ्या खेळला गेला आहे. परंतु उपनगरातील सामान्य कुटुंबाला तो परकाच राहिला. ज्या खेळात चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, मागून येणाऱ्या सोबत्याच्याच हाती द्यावा लागतो, त्याचे नियम समजून घेण्यातच आपला पहिला सामना संपून जायचा!

आता अशी कल्पना करा की बोरीवलीचा एखादा मुलगा धीम्या गाडीने निघाला, सहाव्या स्थानकावर अंधेरीला उतरला आणि त्या मैदानावर जाऊन घसा बसेपर्यंत मुंबईच्या नावाने ओरडला. ज्या संघासाठी तो ओरडला त्याला ना इतिहास, ना परंपरा. खेळाडूंपैकी कित्येक तर दूरदेशाहून आलेले. मग त्याचे ते ओरडणे पोकळ म्हणावे काय? आणि पोकळ नसेल, तर त्यात भरलेले काय होते?

आपण अमुक संघाचे पाठीराखे का आहोत, असे कोणाला विचारले तर तो तत्काळ गुण सांगू लागतो: आमचा संघ जिद्दीचा आहे, आमचे खेळाडू सज्जन आहेत, आमचा खेळ देखणा आहे. ही कारणे खोटी नसतात. मात्र ती मागाहून आलेली असतात. गुण हेच जर निष्ठेचे मूळ असते, तर सर्वांनी दर वर्षी त्या वर्षीच्या विजेत्याची बाजू घेतली असती आणि पुढील वर्षी ती सोडून दिली असती. वारा वाहील तशी पाठ देणारा असा प्रेक्षक असतोही. परंतु खरे पाठीराखे त्याला आपल्यातला मानत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आई आपल्या मुलावर प्रेम करते ती मुलांच्या स्पर्धेत ते पहिले आले म्हणून नव्हे. प्रेम आधी जडते, गुण नंतर दिसू लागतात.

मग निष्ठा येते तरी कोठून? माझ्या मते तिच्या येण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत.

पहिली वाट नात्याची. बहुधा आपण कोणाचा तरी हात धरून मैदानावर गेलेलो असतो. वडिलांचा, थोरल्या भावाचा, मामाचा. लहान मुलाला खेळाचे नियम कळण्याआधी मामाचा आनंद कळतो. आपल्या बाजूचा रंग कोणता, एवढे त्याला उमगते आणि त्या रंगाशी त्या हाताची ऊब कायमची जोडली जाते. मातृभाषा जशी आपण निवडत नाही, ऐकता ऐकता ती आपली होते, तसेच हे आहे.

दुसरी वाट स्थळाची. आयर्लंडमधील लिमरिक हे शहर या बाबतीत मोठे बोलके आहे. अन्य ठिकाणी रग्बी हा श्रीमंतांच्या शाळांतला खेळ मानला गेला. लिमरिकमध्ये मात्र गोदीतल्या मजुरापासून डॉक्टरापर्यंत सर्वांनी तो आपला केला. तेथील शॅनन हा नामवंत क्लब १८८४ साली सेंट मेरीज या धर्मग्रामातून उभा राहिला. ज्या गल्लीतून मिस्साला जायचे त्याच गल्लीतील मुलगा रविवारी दुपारी चेंडू घेऊन धावताना पाहायचा, त्याच्या आईला ओळखायचे, त्याच्या आजोबांच्या अंत्यविधीला गेलेले असायचे. मग तो कोणत्या संघाचा, हा प्रश्न उरतोच कोठे? तेथे क्लबचे पाठीराखे होणे हा शेजारधर्माचाच एक भाग होता. आपल्या धर्मग्रामांतील फुटबॉलचे सामने ज्यांनी चर्चच्या आवारात उभे राहून पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

तिसरी वाट समुदायाच्या गर्जनेची. आणि ती सर्वांत निसरडी. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ ग्रंथात आलिपियस या मित्राची हकिगत सांगितली आहे. रोममध्ये मित्रांनी त्याला बळेच तलवारबाजांच्या झुंजी पाहायला नेले. त्याने निर्धाराने डोळे मिटून घेतले. परंतु कान कसे मिटणार? झुंजीत कोणी कोसळला, लोकांनी एकच आरोळी ठोकली आणि कुतूहलाने त्याचे डोळे उघडले. मग तो पाहू लागला, ओरडू लागला, पेटून उठला. पुढे तर तो इतरांनाही तेथे ओढून नेऊ लागला. पंधरा-सोळा शतकांपूर्वीचे हे वर्णन आजच्या कोणत्याही मैदानाला लागू पडेल. गर्दी आपल्याला क्षणात आपलेसे करून टाकते. त्या आपलेपणात सुख आहे, यात शंका नाही. परंतु नाते आणि शेजार यांचा आधार नसेल, तर आपण कशाचे झालो हे कळण्यापूर्वीच आपण त्याचे होऊन बसतो.

बोरीवलीसारख्या उपनगरात या वाटा एकमेकींना छेदतात. गोराईचे मूळचे लोक, वसईहून आलेली कुटुंबे, गोव्याची, मंगळूरची, गिरगावातून इकडे सरकलेली, अशी नाना गावची माणसे येथील इमारतींत एकत्र नांदतात. नात्याचा संघ एक आणि स्थळाचा दुसरा, असा प्रसंग त्यांच्यावर नेहमीच येतो. २४ एप्रिल २०२४ रोजी इंडियन सुपर लीगच्या उपान्त्य फेरीत फातोर्ड्याच्या मैदानावर एफसी गोवा आणि मुंबई सिटी समोरासमोर आले. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोव्याकडे दोन गोलांची आघाडी होती; तेथून मुंबईने तीन गोल केले आणि सामना ३–२ असा जिंकला. मूळ गोव्याचे वडील आणि मुंबईत जन्मलेला मुलगा अशा एखाद्या घरात त्या शेवटच्या काही मिनिटांत काय घडले असेल, याची वाचकांनी कल्पना करावी. अशा घरात कोणी कोणाला फितूर म्हणत नाही. वडिलांची निष्ठा त्यांच्या बालपणाला आहे, मुलाची त्याच्या. दोन्ही निष्ठा एकाच सोफ्यावर बसू शकतात, आणि ज्या घराला हे साधले ते घर मोठी गोष्ट शिकले असे मी म्हणेन.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. केवळ जवळचा म्हणून एखाद्याची बाजू घेणे हा अन्याय नव्हे काय? सर्व माणसे सारखी, तर माझ्या गल्लीतला खेळाडू मला अधिक प्रिय का असावा? संत थॉमस अक्वायनस यांनी प्रेमाच्या क्रमाचा विचार करताना हा प्रश्न टाळलेला नाही. ज्यांच्याशी आपला निकटचा संबंध आहे त्यांच्यावर अधिक प्रेम करणे हे प्रीतीच्या क्रमाला धरूनच आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कारण माणूस देहधारी आहे. तो कोणत्या तरी एका जागी जन्मतो, काही ठरावीक माणसांच्या मांडीवर वाढतो. सर्वांवर सारखेच प्रेम करतो असे म्हणणाऱ्याने कित्येकदा कोणावरच प्रेम केलेले नसते. तेव्हा जवळच्याला अधिक देणे यात दोष नाही. दूरच्याचे जे देणे आहे ते बुडवून जवळच्याला दिले, तर मात्र तो दोष आहे. पक्षप्रेम आणि पक्षांधता यांच्यामधील सीमारेषा येथे आहे.

ही रेषा पुसली गेल्यास काय होते, याचा धडा आपल्याच मुंबईने गिरवला आहे. युरोपीय आणि पारशी यांच्या क्रिकेट सामन्यांत १९०७ साली हिंदू संघ आला, १९१२ साली मुस्लिम संघ आला आणि १९३७ साली ‘द रेस्ट’, म्हणजे ‘उरलेले’, या नावाने पाचवा संघ आला. भारतीय ख्रिस्ती, ज्यू आणि इतर यांची त्यात मोट बांधलेली होती. आपण कोण आहोत यापेक्षा आपण कोण नाही आहोत यावरूनच ज्याला नाव मिळाले, असा हा विलक्षण संघ! १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावा केल्या. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५०. ‘रेस्ट’चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात सांगलीचे विजय हजारे, आपले मराठी ख्रिस्ती बंधू, ३८७ पैकी एकट्या ३०९ धावा करून गेले. त्यांचे बंधू विवेक यांनी २१ धावा करीत त्यांना साथ दिली आणि दोघांनी ३०० धावांची भागी रचली. सामना त्यांनी एक डाव आणि ६१ धावांनी गमावलाच. परंतु आज तो सामना ज्यांना आठवतो, त्यांना मुख्यतः पराभूत संघाचा तो डाव आठवतो. ‘उरलेले’ या नावाच्या संघावर कोणी प्रेम कसे करावे, या प्रश्नाचे उत्तर हजाऱ्यांनी आपल्या बॅटीने दिले.

तरीही ही स्पर्धा टिकू नये असे महात्मा गांधींनी डिसेंबर १९४० मध्येच सांगितले होते आणि १९४६ साली ती बंद झाली. ते इष्टच झाले. क्लब ही अशी गोष्ट आहे की तिच्या पराभवानंतर माणूस प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर हात ठेवून चहा पिऊ शकतो. धर्म ही अशी गोष्ट नव्हे. माणसाच्या अंतरीची श्रद्धा धावफलकावर टांगली, की पराभव हा अपमान होतो आणि प्रतिस्पर्धी हा शत्रू होतो. ज्या रंगाचा सदरा सामना संपल्यावर अंगावरून उतरवता येतो, त्याच्यासाठीच मैदानावर भांडावे.

मग चांगल्या निष्ठेची खूण कोणती? पुन्हा एकदा लिमरिकला जाऊ. तेथील थॉमंड पार्कवर ३१ ऑक्टोबर १९७८ रोजी मन्स्टर प्रांताच्या संघाने न्यूझीलंडच्या बलाढ्य संघाला १२–० असे हरवले. त्या मैदानावरील पाठीराख्यांचा आवाज जगप्रसिद्ध आहे. परंतु तितकीच प्रसिद्ध आहे ती त्यांची शांतता. प्रतिस्पर्धी संघाचा खेळाडू गोलाकडे लाथ मारण्यासाठी चेंडू जमिनीवर ठेवतो, तेव्हा सारे मैदान निःशब्द होते. आपल्या संघाविरुद्ध गुण जाणार आहेत हे ठाऊक असताना हजारो माणसे ओठ मिटून उभी राहतात. त्याची कसोटी निर्मळपणे व्हावी, एवढे ते त्याचे देणे लागतात आणि ते चुकते करतात. नंतर पुन्हा त्याच घशांतून आपल्या संघासाठी आरोळी उठते. संत थॉमस यांनी तत्त्व म्हणून मांडलेली गोष्ट त्या प्रेक्षकांनी रिवाज म्हणून अंगी बाणवली आहे.

दुसरी खूण पराभवाच्या दिवशी दिसते. आलेली निष्ठा खऱ्या अर्थाने आपली होते ती त्या दिवशी. नात्याने, शेजाराने, गर्जनेने आपल्याला मैदानावर आणले हे खरे. पण हरलेल्या संघासाठी पुढच्या रविवारी पुन्हा जायचे की नाही, हे आपणच ठरवतो. म्हणजे शीर्षकातील प्रश्नाला माझे उत्तर असे की संघ आपण निवडत नाही. तो आपल्याला मिळतो. त्याच्याजवळ राहणे मात्र आपण निवडतो, आणि वारंवार निवडतो.

आणि निष्ठा ही एकेरी वाट नसावी. पाठीराख्याने राहायचे, तर संघानेही राहिले पाहिजे. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५–०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली होती; २०१० मध्ये तो संघ बंद करण्यात आला. कंपनीने निर्णय घेतला, पण ज्यांचे रविवार त्या संघाला वाहिलेले होते त्यांनी आपले प्रेम कोठे नेऊन ठेवावे? विकत घेता येतो तो संघ, पाठीराखे नव्हेत. त्यांचा विश्वास ही ठेव आहे आणि ठेवीला जपावे लागते. कलकत्त्याच्या रग्बी क्लबने या बाबतीत एक सुंदर उदाहरण ठेवले आहे. सभासद घटल्यामुळे १८७८ साली त्याने कारभार आटोपला, तेव्हा बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ती वितळवून एक चषक घडवला आणि तो दान केला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या ‘कलकत्ता कप’साठी खेळत आले आहेत. क्लब गेला, परंतु जाताना त्याने आपले प्रेम इतरांच्या हाती दिले.

म्हणून अंधेरीला गेलेल्या त्या मुलाच्या ओरडण्याला मी पोकळ म्हणणार नाही. त्यात त्याच्या शहराचे नाव होते आणि आपण कोणाचे तरी असावे ही माणसाची फार जुनी भूक होती. ते ओरडणे निष्ठा झाले की नाही, हे मात्र आणखी दहा वर्षांनी कळेल. तो आणि तो संघ दोघेही टिकले, एखाद्या पावसाळ्यात दारुण हरूनही टिकले, आणि त्याने आपल्या भाच्याचा हात धरून त्याला त्याच गाडीने तेथे नेले, तर कळेल.

पालकांना एवढेच सांगावेसे वाटते. मुलांना घेऊन मैदानावर जरूर जा, मग ते फुटबॉलचे असो, हॉकीचे असो की रग्बीचे. त्यांना मनसोक्त ओरडू द्या. मात्र समोरच्या संघाचा खेळाडू चेंडू ठेवून उभा राहिला, की त्यांच्या खांद्यावर हलकेच हात ठेवा आणि क्षणभर गप्प राहायला शिकवा.