सर्पभय आणि विवेक

भय हें अज्ञानाचें अपत्य होय, असें आपल्याकडील वेदान्त्यांनीं दोरी व साप यांच्या दृष्टान्तानें शतकानुशतकें सांगितलें आहे. अंधारांत पडलेली दोरी पाहणारास साप भासते. दिवा आणला कीं साप नाहींसा होतो, व त्याबरोबर भयही. हा दृष्टान्त आम्ही वर्गांत तीस वर्षें सांगत आलों. परंतु दिवा आणल्यावर तेथें खराच साप निघाला तर काय करावें, हा प्रश्न देवळाली प्रवरा येथें गांवाबाहेर घर बांधीपर्यंत आम्हांस कधीं पडला नव्हता.

घरामागें पाटाची चारी व चारीपलीकडे ऊंस. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि प्रवरेच्या कालव्यांनीं ह्या अवर्षणी मुलुखांत मळे उभे केले. जेथें मळे तेथें उंदीर, आणि जेथें उंदीर तेथें त्यांचा भक्षक येणारच. साप आमच्या घरीं येतो, असें आम्ही म्हणत असूं. वस्तुतः त्याच्या वाटेवर भिंत आम्हींच घातली होती. पण हें शहाणपण मागाहूनचें. त्या वेळीं अवस्था अशी कीं, दिवा लावूनही रात्रीं न्हाणीघराकडे पाऊल उचलत नसे.

एका श्रावणी सकाळीं सरपणाच्या ढिगाजवळ चार हात लांबीचा पिवळसर साप दिसला. आम्हीं आरडाओरडा केला, शेजारची मंडळी काठ्या घेऊन धांवली आणि दोन मिनिटांत सर्व आटोपलें. दुपारीं प्राणिशास्त्र शिकविणारे एक सहकारी आले. त्यांनीं मेलेला साप उलथून पाहिला व म्हटलें, "सर, ही धामण. हिला विष नसतें. उंदीर खाऊन ही तुमच्या धान्याची राखणच करीत होती." उजेड भरपूर होता, पाहण्याची विद्या तेवढी नव्हती. नागपंचमी होऊन आठवडाही लोटला नव्हता. त्या दिवशीं आमच्या घरीं पाटावर नाग काढून लाह्यांचा नैवेद्य दाखविला होता; कोणीं कांहीं चिरलें नव्हतें कीं खणलें नव्हतें. पूजेच्या मुळाशीं जें भय होतें, तेंच काठीच्याही मुळाशीं होतें, हें त्या दुपारीं प्रथम उमगलें आणि लाज वाटली.

कोणी म्हणेल, मनुष्याचा जीव मोठा कीं सापाचा? आमचें उत्तर इतकेंच कीं, त्या सकाळीं मनुष्याचा जीव मुळीं संकटांतच नव्हता.

मग आम्ही शिकावयास बसलों. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे आपल्याकडचे मुख्य प्राणघातक साप. घोड्याच्या रक्तापासून बनविलेलें एकच प्रतिविष ह्या चौघांच्याही दंशावर चालतें. मण्यार रात्रीं हिंडते आणि तिचा दंश निजलेल्या माणसास पुष्कळदां जाणवतही नाहीं. हें कळल्यावर आमचें भय गेलें नाहीं. मात्र त्याला आकार आला. सरपण भिंतीपासून दूर हलविलें, उंदरांचीं बिळें बुजविलीं, जमिनीवर निजणें सोडलें. निराकार भय माणसास ओरडावयास लावतें. साकार भय त्याला कामास लावतें.

येथवर प्रकरण आमच्यापुरतें होतें. परंतु आमच्या चारीपलीकडे एक गडी रात्रीं उंसाला दारें धरतो. शेतीपंपाची वीज पाळीनें येते, आणि पाळी रात्रीची असली म्हणजे पिकाला पाणीही रात्रींच द्यावें लागतें. त्याच्या पायांत वहाणा, हातीं मंद झालेली बॅटरी. त्याला आम्हीं विचारलें, भीति वाटत नाहीं काय? तो म्हणाला, "वाटती की सर. पर पाणी कोन देनार?"

ह्या उत्तरानें आमचें सारें चिंतन उलटेंपालटें झालें. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें, २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतांत सुमारें बारा लक्ष माणसें सर्पदंशानें दगावलीं. म्हणजे वर्षाला सुमारें अठ्ठावन्न हजार. त्यांपैकीं बहुतेक खेड्यांतलीं, आणि निम्मे मृत्यू पावसाच्या चार महिन्यांतले. हीं माणसें आमच्यासारख्या पक्क्या घरांतलीं क्वचितच असावींत. भयाचा बोभाटा आम्ही करीत होतों आणि जोखीम तो वाहत होता. आमच्या अंगणांत दिवे चार होते.

तेव्हां आपलें भय जिंकलें म्हणजे झालें, असें आम्हांस आतां वाटत नाहीं. जें भय आपल्याला आपल्या दारापलीकडे पाहूं देत नाहीं, तें शौर्यानें झांकलें तरी अज्ञानच होय. त्या गड्याला आम्हीं चांगली बॅटरी व गुडघ्यापर्यंतचे बूट घेऊन दिले. दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जातां तडक रुग्णालय गांठावें, हेंही त्याच्याशीं बोलून ठेवलें. यांत उपकार नाहीं. त्याच्या श्रमावर पिकलेल्या उंसाची साखर आम्हीही खातों.

आमचें म्हणाल तर, जोडा पायांत घालण्यापूर्वीं आम्ही अजून झटकून पाहतों. गेल्या पावसाळ्यांत कुंपणाशीं पुन्हां एक धामण दिसली. छातींत धडधडलें खरें. परंतु या वेळीं आम्हीं कोणाला हांक मारली नाहीं. ती उंसांत शिरेपर्यंत उभे राहून पाहिली.